तबकडीवर वाजणारी जुनी संगीतपेटी (पॉलिफोन) डीलरकडून घ्यावी का? जाणकारांनी मदत करा

चिरेबंदी
मंडळी, गुहागरला आमचं घर आहे, त्यातच होमस्टे चालवतो. सावंतवाडीच्या पुढे बांद्याकडे जाताना एक जुन्या सामानाचा डीलर आहे, त्याच्याकडे झोपाळ्याच्या पितळी कड्या बघायला गेलो होतो तर तिथे एक पेटी दिसली. ग्रामोफोन नाही हां, कर्णा वगैरे काही नाही. लाकडी चौकोनी पेटी, झाकण उघडलं की आतून छापील चित्र चिकटवलेलं, पऱ्या-बिऱ्या, खाली लोखंडी पाट आणि मधोमध खुंटी. त्या खुंटीवर पत्र्याची मोठी गोल तबकडी ठेवायची, वरून एक दांडा आणून अडकवायचा, बाजूला हँडल घालून चावी भरायची आणि खटका सोडायचा. तबकडीच्या खालच्या अंगाला बारीक बारीक नखं निघालेली आहेत. आवाज एवढा मोठा असेल असं वाटलं नव्हतं, दुकानातली इतर गिऱ्हाइकं पण येऊन उभी राहिली.

डीलर म्हणतो १८५० सालची, स्विस मेक, गोव्यातल्या जुन्या घरातून आलेली. किंमत २ लाख २० हजार, सोबत ९ तबकड्या. पाटावर पॉलिफोन असं नाव आहे. माझा विचार पडवीत ठेवायचा, म्हणजे संध्याकाळी पाहुण्यांना वाजवून दाखवता येईल. तर किंमत बरोबर वाटते का, घेताना काय काय तपासायचं आणि उद्या बिघडली तर आपल्याकडे दुरुस्त कोण करतं? ग्रामोफोनवर इथे बरेच धागे आहेत पण ह्यावर एकही सापडला नाही.

खवचट
गुहागर, पडवी आणि लोखंडी पाट. पुढच्या नारळी पौर्णिमेपर्यंत टिकली तर कळवा.

तबकडीवाला
खवचटराव बरोबर बोलतायत पण त्यावर नंतर येऊ. आधी डीलरची गोष्ट.

१८५० चा प्रश्नच येत नाही. त्या काळात स्वित्झर्लंडमध्ये बनायच्या त्या सिलिंडरवाल्या पेट्या, पितळी नळकांड्यावर हजारो बारीक टाचण्या ठोकलेल्या, नळकांडं फिरलं की टाचण्या पोलादी फणीचे दात छेडतात. ह्या प्रकाराची सुरुवात १७९६ मध्ये जिनिव्हाच्या आंत्वान फाव्र नावाच्या घड्याळजीपासून धरतात. त्यात अडचण अशी की नळकांड्यावर जी काय पाच-सहा गाणी बसवलीत तीच जन्मभर ऐकायची. गाणं बदलायचं तर नवं नळकांडं आणि ते परवडायचं श्रीमंतांनाच. सुटी तबकडी बदलून पाहिजे ते गाणं लावायची आयडिया आली १८८० च्या दशकात आणि ती जर्मनीत, लाइपझिगला. पॉल लोखमानची सिंफोनियन कंपनी आधी, मग तिथूनच गुस्ताव्ह ब्राखहाउझेन आणि पॉल रीसनर हे दोघं बाहेर पडले आणि त्यांनी पॉलिफोन काढली. म्हणजे तुमची पेटी जर्मन आहे, साधारण १८९० नंतरची आणि पहिल्या महायुद्धाच्या आधीची. पाटावर नाव ओतलेलं असताना डीलर स्विस म्हणतो म्हणजे एकतर त्याला माहीत नाही किंवा तुम्हाला माहीत नसेल असं त्याने धरलंय. दोन्ही तुमच्या फायद्याचं, भाव करताना कामाला येईल.

अवांतर: ग्रामोफोनने ह्या पेट्यांचा धंदा बसवला तरी पॉलिफोन कंपनी हुशार निघाली, तिने १९१७ मध्ये चक्क डॉइचे ग्रामोफोन विकत घेतली. आपल्याकडे घराघरात पॉलिडोरच्या रेकॉर्डी असायच्या ते नाव पण ह्याच पॉलिफोनवाल्यांचं.

सुरंगीचा वळेसर
आमच्या आजोळाक वेंगुर्ल्यात असो एक डबो होतो!! माजघरात फडताळार ठेवलेलो. माका आठवता तेवा तो वाजत नाय होतो, मामा म्हणायचो आतली फणी गेली. लहानपणी आमी तबकडे काढून त्येंचे थाळे करून भातुकली खेळाक घेव. आता हसाक येता आणि रडाक पण.

एक विचारायचं होतं (आता शुद्ध मराठीत 😀). त्या डब्यात फणीच्या खालच्या बाजूला पांढरी भुकटी साठलेली असायची, मामी दर दिवाळीला पुसायची आणि परत यायची. आम्हाला वाटायचं चुन्याची भिंत, तिचं काहीतरी पडतंय. ते काय असेल?

भाता
ताई ती शिशाची भुकटी. बरं झालं विषय काढलात, मी लिहिणारच होतो.

मी कुडाळला पेटी दुरुस्तीचं काम करतो, पेटी म्हणजे आपली भजनातली बाजाची. ह्या संगीतपेट्यांचं काम क्वचित येतं, पण आलंय आणि तत्त्व ओळखीचं आहे. फणीचे जे खर्जाचे लांब दात असतात त्यांना खालून शिशाचे तुकडे डकवलेले असतात, वजन वाढलं की दात सावकाश हलतो आणि स्वर खाली येतो. बाजाच्या पेटीत पण खर्जाच्या रीडला टोकाकडे वजन देतातच. शिसं बंद पेटीत, दमट हवेत, लाकडातून सुटणाऱ्या आंबट वाफेने झिजतं आणि त्याची पांढरी भुकटी होते. भुकटी झाली म्हणजे वजन गेलं, वजन गेलं म्हणजे स्वर चढला. ती फुगून शेजारच्या दाताला पण टेकते, मग दोन्ही दात मुके. वाईट म्हणजे हे सगळं फणीच्या खाली होतं, वरून फणी चकचकीत दिसते. आणि ती भुकटी विषारी, तोंडाने फुंकायची नाही, हात धुवायचे. मामींना आता सांगून उपयोग नाही पण चिरेबंदींना सांगतो, टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन जा आणि फणीच्या खाली बघा. झाकणावरच्या पऱ्या नंतर बघा.

एडिसनकर
मस्त धागा, वाखु (वाचनखूण) साठवली. मी न्यू जर्सीत, आणि योगायोग म्हणजे ब्राखहाउझेनने अमेरिकेत येऊन १८९२ मध्ये जी रेजिना कंपनी काढली तिचा कारखाना आमच्या शेजारच्या राहवे गावात होता. आधी जर्सी सिटी मग राहवे. पेट्यांचा जमाना गेल्यावर त्याच कंपनीने व्हॅक्यूम क्लीनर विकले. मॉरिसटाऊनला मॉरिस म्युझियम आहे, तिथे मर्टो गिनेस नावाच्या गृहस्थाचा पूर्ण संग्रह ठेवलाय, सातशेच्या वर यांत्रिक वाद्यं आणि हलणाऱ्या बाहुल्या. तिथे वाजवून दाखवतात, मी मुलांना घेऊन जातो आणि मुलं कंटाळली तरी मी बसतो.

चिरेबंदी, तबकडीचा व्यास मोजा. टेप घेऊन जा आणि मिलिमीटरमध्ये मोजा, डीलरचं ऐकू नका. पॉलिफोनच्या बऱ्याच साइझ होत्या, ८ इंच, ११ इंच, १५½ इंच, आणि दुकानात-दारूच्या गुत्त्यात नाणं टाकून वाजायची ती उभी कपाटासारखी १९⅝ इंचाची. तुमचं वर्णन १५½ चं वाटतंय, म्हणजे साधारण ३९.५ सेमी. तसं असेल तर नशीबवान आहात, कारण रेजिनाची १५½ ची तबकडी पॉलिफोनच्या १५½ वर चालते. माणसं तीच ना दोन्हीकडे. त्यामुळे ह्या साइझच्या तबकड्या सगळ्यात जास्त मिळतात, जुन्याही आणि नव्याने बनवलेल्याही. सिंफोनियनची तबकडी मात्र ह्यावर अजिबात बसणार नाही. नऊच्या नऊ तबकड्या तुमच्याच पेटीच्या आहेत का ते बघा, डीलर लोक मिळेल ते एकत्र बांधून देतात.

दर्यावर्दी
सगळे गोव्याच्या पोर्तुगीज घरांचं नाव घेतात, पण आपल्या किनाऱ्यावर अशा वस्तू बोटीवरच्या लोकांनी पण भरपूर आणल्यात. आमचे पणजोबा बोटीवर खलाशी होते, श्रीवर्धनचे. घरात अजून एक छोटी सिलिंडरची पेटी आहे, चार गाणी वाजायची, आता दीड वाजतं. गोव्याकडचे तारवटी, आमच्याकडचे खलाशी, आफ्रिकेला गेलेले लोक, सगळ्यांनी ट्रंकेत घालून काही ना काही आणलंय. घड्याळं तर विचारू नका. त्यामुळे पोर्तुगीज घर ऐकून वीस हजार वाढवून देऊ नका भाई. कागद असेल तर गोष्ट, नाहीतर नुसती गोष्ट.

पावसची पोर
ह्यावर मराठी गाणं वाजवता येईल का? म्हणजे तबकडी बनवून घेता येईल का कुठे? सहज विचारतेय, अभंग वाजला तर काय मज्जा येईल.

तबकडीवाला
पावसची पोर, बनवता येते पण हौसेचं मोल जबर. तबकडीच्या पत्र्यालाच ठसा मारून खाली नख वळवलेलं असतं, प्रत्येक स्वराला त्याचं वर्तुळ आणि प्रत्येक क्षणाला त्याचा कोन. परदेशात काही कारागीर करतात. शिवाय एक तबकडी म्हणजे एक फेरा, साडेपंधरा इंचीत साधारण मिनिटभर, त्यात अभंगाचं धृपद आणि एक कडवं बसेल. मींड तर विसराच, दात छेडला की छेडला, स्वर घसरवता येत नाही.

त्यापेक्षा कागदी पट्टीवर भोकं पाडून हाताने फिरवायची छोटी यंत्रं ऑनलाइन मिळतात, १५, २० किंवा ३० स्वरांची. ३० वाली घ्या, १५ मध्ये कोमल स्वर नसतात. भोकं पाडायचा पंच सोबत येतो. पोरांना सुट्टीत बसवा.

चिरेबंदी
सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. परत जाऊन आलो, टेप, टॉर्च, बायकोच्या पर्समधला आरसा सगळं घेऊन. डीलर जरा चमकला.

व्यास ३९.५ सेमी भरला. नऊपैकी सहा तबकड्या बसल्या, तीन लहान निघाल्या आणि त्यांच्या कडेला भोकांची रांगच नाही, ह्या सहांना आहे. दोन फण्या आहेत समोरासमोर, मध्ये चांदणीसारखी बारीक चाकं ओळीने. एकही दात तुटलेला दिसला नाही निदान वरून. पण वाजवताना दोन गोष्टी जाणवल्या, एक म्हणजे खालचे दोन-तीन स्वर नुसते टक् करतात, घुमत नाहीत. दुसरं, वरच्या पट्टीत मधूनच चिर्र चिर्र असा आवाज येतो. डीलर म्हणाला हे सगळं सुकल्यामुळे, फणीवर मशीनचं तेल सोडतो आणि बारीक पॉलिश पेपर मारून देतो, एकदम मोकळी होईल. म्हटलं दोन दिवस थांबा विचारून सांगतो. रेकॉर्डिंग केलंय, लिंक खाली डकवतोय.

भाता
थांबवा त्याला!!! आत्ता फोन करा.

फणीला तेल नाही, चांदण्यांवर (तबकडीची नखं ज्यांना फिरवतात आणि ज्या फणीचे दात छेडतात ती चाकं) तेल नाही. तेलावर धूळ बसते, धुळीची कणीक होते आणि मग खरंच अडकतं. तेल लागतं ते फक्त खालच्या यंत्राला, चाकांच्या आसांना थेंबभर. आणि पॉलिश पेपर तर अजिबात नाही. रीडच्या टोकाला कानस मारली की स्वर चढतो आणि मुळाशी मारली की उतरतो, फणीच्या दाताचं पण तेच. तो गंज काढायच्या नावाखाली शे-दीडशे दातांवरून सरसकट पेपर फिरवणार म्हणजे पूर्ण फणी बेसूर करून देणार, आणि घासून गेलेलं पोलाद परत येत नाही.

रेकॉर्डिंग ऐकलं. चिर्र आवाज म्हणजे डँपर. दात एकदा छेडला की तो हलत राहतो, आणि तोच स्वर लगेच परत आला तर हलत्या दाताला चांदणीचं टोक लागून चिरकतं. म्हणून छेडायच्या आधी एक बारीक पट्टी दाताला टेकून त्याला गप्प करते. ती पट्टी वाकली, गंजली किंवा पडली की हा आवाज. नीट करता येतो पण किचकट, एकेक करून, डोळ्याला भिंग लावून. टक् करणारे खर्जाचे दात म्हणजे बहुतेक शिसंच. आरशात काय दिसलं ते लिहिलंच नाहीत तुम्ही?

चिरेबंदी
फोन केला, थांबलाय. आरशात एका फणीच्या खाली डाव्या कोपऱ्यात पांढरं दिसतंय, फोटो काढला पण हलला. दुसरी स्वच्छ वाटते.

एडिसनकर
म्हणजे डायग्नोसिस झालं. एक फणी ठीक, दुसरीच्या कोपऱ्यात शिसं, काही डँपर. ह्यातलं काहीच जीवघेणं नाही, इकडे बहुतेक पेट्या ह्याच अवस्थेत सापडतात आणि दुरुस्त होतात. दात तुटलेले असते तर वेगळी गोष्ट होती, नवा दात घडवून फणीत डाग देऊन बसवायचा आणि सुरात आणायचा हे फार थोड्या लोकांचं काम आहे. वाटल्यास एक खात्री करा, आधी बदललेले दात आहेत का. मुळाशी डाग दिल्याची रेघ दिसते, रंग वेगळा असतो. बदललेले असले तर वाईट नाही पण किंमत करताना धरा.

पण १५½ ची टेबलावरची पॉलिफोन ही दुर्मिळ वस्तू नाही हो. चांगली आहे, सुंदर आहे, पण लिलावात नेहमी येते. डीलर "भारतात एकच" म्हणाला असेल तर हसून सोडून द्या.

बाय द वे तुम्ही नाही घेतली तर मी घेऊ का? डिसेंबरात येतोय 😛

तबकडीवाला
एडिसनकर, घ्या हो, पण न्यायची कशी? शंभर वर्षांवरची वस्तू देशाबाहेर न्यायची म्हटलं की १९७२ चा पुरावशेषांचा कायदा आडवा येतो. विमानतळावर कस्टमवाल्याला समजावत बसाल ही जर्मनीचीच आहे म्हणून. त्या कायद्यात पुरावशेषांचा धंदा करणाऱ्याला परवाना पण लागतो, त्यामुळे चिरेबंदी, पक्की पावती मागा, त्यावर पेटीचा नंबर, नाव, तबकड्या किती ते लिहून घ्या. पाटावर नंबर ठोकलेला असतो तो टिपा. उद्या विकायची वेळ आली किंवा कोणी प्रश्न विचारला तर तोच कागद.

आणि पेटी आणि यंत्र एकमेकांचेच आहेत का हेही बघायचं. मुंबईच्या चोरबाजारात मटण स्ट्रीटवर नवीन पितळी कर्ण्याचे ग्रामोफोन जुने म्हणून कसे खपवतात ते आपण सगळे जाणतो. इथे तेवढं होत नाही पण एका पेटीचं खोकं आणि दुसरीचं यंत्र अशी जोडी लावलेली असू शकते. पाट बाहेर काढला तर लाकडात जुन्या स्क्रूची रिकामी भोकं दिसतात का, हँडलचं भोक नंतर पाडलंय का, आतल्या लाकडाचा रंग एकसारखा आहे का.

खवचट
सगळं झालं, पडवीचं कोण बोलणार?

दर्यावर्दी
मी बोलतो. भाई पडवीत नको. आमच्या घरी समुद्र दिसतो एवढ्या अंतरावर लोखंडी खिडकीचे गज दर दोन वर्षांनी रंगवावे लागतात. ह्या पेटीत पोलादाची फणी उघडीच असते, तिला रंग पण देता येत नाही. एक पावसाळा पडवीत काढला की सगळ्या दातांवर लाल ठिपके.

भाता
+१. आणि नुसती फणी नाही. बाहेरचं अक्रोडाचं लाकूड बहुतेक वेळा जाड नसतंच, वरून पातळ पापुद्रा सरसाने चिकटवलेला असतो. जूनमध्ये सरस ओलसर होतो, पापुद्रा फुगतो, ऑक्टोबर हीटमध्ये सुकून उकलतो.

आतल्या खोलीत, बाहेरच्या भिंतीला न लागलेल्या कपाटात ठेवा. चिऱ्याची भिंत पावसात ओल धरते तिला टेकवू नका. आमच्याकडे भजनाच्या पेट्या आणि तबले जसे ठेवतात तसं, कपाटात झिरोचा बल्ब कायम चालू. हल्ली एलईडी झिरो मिळतो तो नको, तो गरम होत नाही, जुना पिवळा शोधा. सोबत सिलिका जेलच्या पिशव्या, निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद भाजून परत वापरायच्या. एक वीस-पंचवीस रुपयांनी जास्त जाईल पण आर्द्रतेचा छोटा मीटर आत ठेवा, साठच्या वर काटा जायला लागला की दाणे बदला. आणि अगदी कोरडं पण नको, लाकूड तडकेल. पाहुण्यांना ऐकवायची तर बाहेर आणा, वाजवा, परत आत. बोटाने फणीला हात लावू देऊ नका कोणाला, घामाचा ठसा सुद्धा गंजतो.

खवचट
भातासाहेब, मीटर वीस-पंचवीस रुपयांत कुठे मिळतो? मला दहा द्या.

भाता
😄 दोनशे-अडीचशे हो, घाईत टाइप केलं.

सुरंगीचा वळेसर
मालवणीत सांगूचा तर, वस्तू घेवची तर तिका जागा आधी बघूची. चिरेबंदीनू तुमी घेवा, पण आत ठेवा.

चिरेबंदी
पडवी रद्द, पटलं. आतल्या खोलीत वडिलांचं पुस्तकाचं शिसवी कपाट आहे त्याचा खालचा खण रिकामा करतोय. वडील नाराज आहेत पण पेटी ऐकली की होतील तयार.

भाताकाकांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला होता, ते म्हणाले सावंतवाडीला येतो बघायला. आता शेवटचा प्रश्न, घेतली तर आणायची कशी? टेम्पोने हायवेवरून आणायची म्हणजे आपला हायवे तुम्हाला माहितीच आहे, किती वर्षं चाललंय काम.

तबकडीवाला
हायवे नको. मांडवी एक्सप्रेसने आणा, सावंतवाडीहून चिपळूण, खाली सीटजवळ, अंगाखाली घोंगडी. माणूस सोबत पाहिजे, पार्सलने अजिबात नाही.

पण त्याआधी महत्त्वाचं. हलवायच्या आधी स्प्रिंग पूर्ण उतरवायची. म्हणजे वाजवत वाजवत चावी संपू द्यायची, एकदम थांबेपर्यंत. स्प्रिंगची ताकद चाकांमधून शेवटी एका उभ्या पेचाच्या दांड्यावर येते आणि त्या दांड्याला छोटा पंखा असतो. तो पंखा हवेला थापा मारत फिरतो म्हणून वेग ताब्यात राहतो. भरलेल्या स्प्रिंगवर तो पंखा निसटला, धक्क्याने म्हणा किंवा कोणी स्क्रू सैल केला म्हणून, की सगळी ताकद एका क्षणात सुटते आणि यंत्र सुसाट पळतं. सिलिंडरच्या पेटीत तर अशाने टाचण्या आणि दात एकदम साफ होतात, तबकडीवाल्यातही चांदण्या आणि दात वाचतील ह्याची खात्री नाही. म्हणून चावी उतरल्याशिवाय एकही स्क्रू फिरवायचा नाही, हे डीलरच्या पोराला पण सांगा. मग तबकडी काढा, दांडा दोऱ्याने बांधा, तबकड्या वेगळ्या, प्रत्येकीमध्ये कापड, नखांवर वजन येणार नाही अशा. जुन्यातल्या काही जस्ताच्या असतात, त्यांची नखं पोलादी तबकडीपेक्षा लवकर तुटतात. लोहचुंबक लावून बघा, चिकटली तर पोलादी.

भाता
जाऊन आलो काल चिरेबंदींबरोबर, थोडक्यात सांगतो. उदबत्तीची काडी घेतली आणि तबकडी काढून एकेक चांदणी एक एक घर पुढे सरकवली, दोन्ही फण्यांचे सगळे दात एकेक करून ऐकले. वेळ जातो पण ह्याला दुसरा मार्ग नाही, नुसतं गाणं लावून कळत नाही कारण एका गाण्यात सगळे स्वर येतच नाहीत. तुटलेला एकही नाही. मागच्या फणीत खर्जाच्या चार दातांचं शिसं गेलंय, डँपर आठ-नऊ वाकलेत, दोन नाहीतच. बाकी फणी सुरात आहे, मला आश्चर्य वाटलं. बदललेला दात एकही नाही. दातांच्या वर फिकट तांबूस रंग आहे तो गंज नव्हे, वरवरचा डाग आहे, तसाच ठेवायचा. खोकं आणि यंत्र एकमेकांचंच, भोकं जुळतात. खोक्याला मागे वाळवीने थोडं खाल्लंय, जुनं आहे, भुसा पडत नाही.

शिसं मी बसवीन, पेटीच्या कामात सवय आहे. डँपरला हात लावायला मी तयार आहे पण वेळ लागेल आणि आधी त्याच मापाची पट्टी मिळायला हवी. फणी सोडवायची वेळ आली तर ती परत बसवताना केसभर सरकली तरी सगळे दात चुकीचे छेडले जातात, त्यामुळे शक्य तेवढं न काढताच करणार.

पावसची पोर
काका व्हिडिओ काढा ना काम करताना, प्लीज प्लीज.

भाता
एका हातात भिंग, दुसऱ्यात चिमटा, मोबाईल पायाने धरू?

चिरेबंदी
घेतली!! १ लाख ४५ हजारला. १८५० आणि स्विसवरून सुरुवात केली, मग तीन भलत्याच तबकड्या, मग आरसा काढला, मग काका काडी घेऊन बसले तेव्हा डीलर स्वतःच म्हणाला साहेब बोला तुमचा आकडा. एक तीसवर अडलो होतो, तो एक साठवर, शेवटी मधे भेटलो. पक्की पावती, नंबर लिहून. तीन लहान तबकड्या त्याच्याकडेच ठेवल्या, कोणाला सिंफोनियनवाल्याला पाहिजे असतील तर व्यनि करा, दुकानाचा पत्ता देतो.

मांडवीने आणली. समोरच्या सीटवरच्या मावशींनी विचारलं शिलाई मशीन आहे का, हो म्हटलं, नाहीतर रत्नागिरीपर्यंत उघडून दाखवावी लागली असती.

आता सहा तबकड्यांची नावं लिहितो, कोणाकडे जास्तीच्या असतील तर बदली करू. दोन वॉल्ट्झ आहेत, एक चर्चमधलं गाणं, एक इंग्लंडच्या राणीचं, दोन जर्मन नावं आहेत ती नीट वाचता येत नाहीत, फोटो टाकतो. चुंबक सहाही तबकड्यांना चिकटला.

एडिसनकर
अभिनंदन! भावाच्या दृष्टीने ठीक घेतलीत, काकांची मजुरी धरून सुद्धा. राणीचं गाणं मी घेणार नाही, स्वातंत्र्यलढ्यात आमचे आजोबा होते 😀 वॉल्ट्झच्या बदल्यात मी रेजिनाच्या दोन तबकड्या देतो, माझ्याकडे त्याच त्या दोनदा आहेत. आणि काकांना डँपरच्या पट्टीचं माप पाहिजे असेल तर जुनी पट्टी कागदावर ठेवून मिलिमीटरचा स्केल शेजारी ठेवून फोटो पाठवा, इथे सुटी मिळते का बघतो. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मुंबईत उतरतोय, तिथून दाभोळला सासुरवाडी, फेरीने खाडी ओलांडली की धोपावे आणि पुढे तुमचंच गुहागर.

चिरेबंदी
मग राहायलाच या, व्यनि केलाय. पट्टीचा फोटो काका रविवारी येणार आहेत तेव्हा काढून टाकतो.

खवचट
होमस्टेचं बुकिंग झालं वाटतं. भाड्यात सूट मिळणार का पट्टीच्या बदल्यात?